डॉक्स उघडी असतात, मग मार्क कुठे जातात?

नमस्कार मंडळी! कॉमेंटमध्ये रोज एकच प्रश्न, "सर, सीकेएला डॉक्स बघायला देतात, मग सराव कशाला?" हो, देतात. सीकेए ही कुबरनेटीसची, म्हणजे कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीची, परीक्षा २ तासांची, सगळं काम टर्मिनलवर, आणि अधिकृत डॉक्स, म्हणजे माहितीची पानं, उघडी. रेड हॅटच्या परीक्षेत इंटरनेट नाही, मॅन पेजेस (मशीनवरचीच कमांडची माहिती) आहेत. मायक्रोसॉफ्टने २०२३ पासून असोसिएट, एक्सपर्ट पातळीच्या परीक्षांना आपली लर्न साइट (म्हणजे त्यांची डॉक्स) बघायला दिली, फंडामेंटल्सच्या परीक्षांना नाही. घड्याळ कुठेच थांबत नाही. चला पुढे.

बुकमार्कची यादी मागू नका हो! २०२२ पासून परीक्षा रिमोट डेस्कटॉपवर असते, तुमचे बुकमार्क तिथे येतच नाहीत. जुने व्हिडिओ बघणं सोडा.

माझं डोकं फिरतं ते नेटवर्क पॉलिसीवरून, म्हणजे कुठल्या पॉडशी (कंटेनर चालवणारं छोटं युनिट) कुणी बोलायचं ते ठरवणाऱ्या नियमावरून. (स्क्रीनवर यामल, म्हणजे सेटिंग लिहायची फाइल) हे बघा. वर नेमस्पेस (पॉड ठेवायचा कप्पा) निवडणारा नेमस्पेस सिलेक्टर, खाली लेबल बघून पॉड निवडणारा पॉड सिलेक्टर. पॉडच्या ओळीआधी आडवी रेघ नाही, म्हणजे 'आणि': त्याच नेमस्पेसमधले, तेही त्याच लेबलचे पॉड. आता रेघ घालतो. झालं 'किंवा'! त्या नेमस्पेसमधला कुठलाही पॉड आत, शिवाय आपल्या नेमस्पेसमधले लेबलवालेही आत.

आणि एरर? एररबिरर काही नाही. दोन्ही यामल बरोबर, अप्लाय दोन्ही होतात. तुम्ही खूश होऊन पुढच्या प्रश्नावर, आणि मार्क गेलेले.

फोंड्याचा एक पोरगा मॉक टेस्टनंतर माझ्याशी भांडत होता, "डॉक्समधूनच उचललंय, चुकेल कसं?" अरे बाबा, डॉक्समधल्या मुख्य उदाहरणात प्रत्येक सिलेक्टरला रेघ आहे! जसंच्या तसं उचललंस की 'किंवा'च मिळणार. हा फरक त्याच पानावर खाली समजावलाय, पण तो घरी वाचायचा.

डिप्लॉयमेंटसाठी (पॉड चालू ठेवणारी सेटिंग) डॉक्स उघडूच नका, क्रिएट कमांडला ड्राय रन (खरंखुरं न बनवता चाचणी) आणि यामल आउटपुट लावा, यामल तयार. पर्सिस्टंट व्हॉल्यूमला (टिकणारी साठवण जागा) तशी कमांड नाही, तिथे मात्र डॉक्समध्ये जा. पण उदाहरणातला १० जीआय हा साठवणीचा आकार प्रश्नाप्रमाणे बदला, प्लीज!

म्हापशाच्या ताईंचा प्रश्न, घरून परीक्षा देताना सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला तर? ताई, प्रॉक्टरला (ऑनलाइन नजर ठेवणाऱ्या पर्यवेक्षकाला) खोलीत दुसरं माणूस चालत नाही, भोंग्याला घाबरू नका. दार लावा आणि पाव आणायला दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा. प्रॉक्टरला न विचारता मधेच उठायला मिळणार नाही. पावसाळ्यातला स्लॉट घेताय? मग इन्व्हर्टरवर राउटरही जोडलाय का, ते आधी बघा.