चारशे वर्षे आणि तीन महिने

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

सन 1609. कोरियात जोसॉन घराण्याचे राज्य होते आणि ग्वांगहेगुन हा राजा गादीवर येऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्या वर्षीच्या चांद्र पंचांगातील आठव्या महिन्याच्या 25व्या दिवशी, आभाळ निरभ्र असताना, गांगवॉन प्रांतातल्या लोकांनी आकाशात काहीतरी विलक्षण पाहिले. गांगनुंग गावच्या लोकांना ते तुंब्यासारखे भासले, छुनछॉनच्या लोकांना मोठ्या रांजणासारखे, आणि यांगयांग येथे तर एका घराच्या अंगणात चकाकत्या घंगाळासारखी वस्तू उतरली आणि पुन्हा वर उठून निघून गेली. मेघगर्जनेसारखा आवाजही ऐकू आला. प्रांताच्या सुभेदाराने हे सारे दरबाराला कळवले, दरबारी बखरकारांनी ते लिहून ठेवले, आणि ती नोंद जोसॉन राजवटीच्या त्या प्रचंड इतिवृत्तात आजही वाचायला मिळते, ज्याला युनेस्कोने 1997 साली जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत स्थान दिले.

चारशे वर्षांनंतर पार्क जी-उन या लेखिकेने त्या घंगाळात एक देखणा तरुण बसवला. आज मी ज्या मालिकेविषयी बोलणार आहे तिचा उगम हा असा आहे. इंग्रजीत ती ‘माय लव्ह फ्रॉम द स्टार’ या नावाने ओळखली जाते. कोरियाच्या एसबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीवर 18 डिसेंबर 2013 ते 27 फेब्रुवारी 2014 या काळात, दर बुधवारी आणि गुरुवारी रात्री दहा वाजता ती दाखवली गेली. ठरलेले भाग वीस होते, पण लोकप्रियतेमुळे एक वाढवला गेला आणि एकवीस झाले. मी ती बऱ्याच उशिरा पाहिली, तीही भाचीच्या आग्रहाखातर, आणि ‘परग्रहावरचा नायक’ हे शब्द ऐकताच नाक मुरडून. पहिल्या चार भागांतच माझे नाक जागेवर आले, आणि ते का आले हेच आज सांगायचे आहे.

कथा थोडक्यात अशी. दो मिन-जून नावाचा परग्रहवासी 1609 साली पृथ्वीवर उतरतो आणि परतीची वेळ चुकल्यामुळे इथेच अडकतो. त्याला म्हातारपण येत नाही, म्हणून काही वर्षांनी जुना माणूस मेल्याचे दाखवून नव्या नावाने राहायचे, असे करत तो आजच्या सोल शहरात येऊन पोहोचतो आणि महाविद्यालयात प्राध्यापकी करतो. त्याला दूरचे ऐकू येते, क्षणात एका जागेहून दुसरीकडे जाता येते, थोडा वेळ काळही थांबवता येतो. परत नेणारा धूमकेतू आता तीन महिन्यांवर आला आहे. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या सदनिकेत छॉन सोंग-ई ही आघाडीची अभिनेत्री राहायला येते. किम सू-ह्युन आणि जुन जी-ह्युन यांनी या भूमिका केल्या आहेत.

एवढे ऐकल्यावर एखाद्याला वाटेल की ज्याला काळ थांबवता येतो त्याला प्रेमात अडचण ती कसली? लेखिकेचे कौशल्य इथेच आहे. तिने नायकाला जितक्या शक्ती दिल्या, त्याहून जाचक अटी घातल्या. माणसाची लाळ किंवा रक्त त्याच्या शरीरात गेले की तो आजारी पडतो, म्हणजे एका चुंबनाची किंमत सणसणून भरणारा ताप. इथे राहायचे ठरवले तर मृत्यू, आणि जगायचे तर तीन महिन्यांत निघून जाणे. प्रेमकथेला अडसर लागतो, हे आपण सारेच जाणतो. पूर्वी तो अडसर घराणे, हुंडा, जात, वडिलांचा शब्द यांनी पुरवला. आजच्या सोलमध्ये स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या, देशभर चेहरा ठाऊक असलेल्या नायिकेला ‘वडील नको म्हणतात’ एवढ्यावर रडवले, तर प्रेक्षक हसतील. म्हणून अडसर आकाशातून आणावा लागला. अद्भुताचे काम या मालिकेत शोभेचे नाही. ज्या जगात कोणतीही बंदी पूर्वीसारखी खरी वाटत नाही, त्या जगात एक खरी, न मोडता येणारी बंदी निर्माण करणे हे ते काम आहे.

आपल्याकडे पुरूरव्याची आणि उर्वशीची कथा अटींवरच उभी आहे, आणि अट मोडताच अप्सरा नाहीशी होते. कोरियातही लाकूडतोड्याची आणि स्वर्गकन्येची लोककथा घरोघरी सांगितली जाते. स्नानाला उतरलेल्या स्वर्गकन्येची उडण्याची वस्त्रे तो लपवतो, तिच्याशी संसार करतो, आणि पुरेशी मुले होण्याआधीच दया येऊन वस्त्रे दाखवतो, तेव्हा ती मुलांना घेऊन आकाशात निघून जाते. ही कथा मनात धरून मालिका पाहिली की गंमत वाढते, कारण इथे आकाशातून आलेला पुरुष आहे, आणि जमिनीवरची बाई त्याची वस्त्रे लपवत नाही. उलट मरण्यापेक्षा तू जा, असे तीच त्याला सांगते.

मालिकेचा सगळ्यात गंभीर धागा मात्र भूतकाळात आहे, आणि तो विनोदी मालिकेत इतक्या सहजपणे कसा बसला याचे मला अजून नवल वाटते. मिन-जून पृथ्वीवर उतरतो तेव्हा त्याला पहिली भेटते ती यी-ह्वा नावाची कोवळी मुलगी. ज्याचे तोंडही पाहिले नाही असा नवरा मेल्यामुळे ती विधवा झाली आहे, आणि सासरची माणसे तिला मारून तो मृत्यू आत्महत्येसारखा दाखवू पाहत आहेत. का, तर पतिनिष्ठ स्त्रीच्या स्मरणार्थ राजाकडून घराला मानाचे द्वार मिळत असे. कोरियन भाषेत अशा द्वाराला ‘योल्न्योमुन’ म्हणतात आणि जोसॉन काळात ती खरोखर उभारली जात. आपल्याकडे गावाच्या वेशीजवळ कोपरातून वळलेला, बांगड्या ल्यालेला हात कोरलेल्या सतीशिळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या द्वाराचा अर्थ वेगळा समजावून द्यायला नको. परग्रहवासी तिला वाचवतो, आणि शेवटी तीच मुलगी त्याच्यासाठी मरते. त्यानंतरची त्याची चारशे वर्षांची अलिप्तता, माणसांविषयीचा थंडपणा, हा सारा तेथून आलेला आहे. आणि छॉन सोंग-ई त्या मुलीसारखी दिसते.

आता विनोदाकडे येऊ. छॉन सोंग-ई ही गर्विष्ठ, एकाकी, अतिशय प्रेमळ आणि बऱ्यापैकी अडाणी बाई आहे. पहिल्याच भागात ती मोका कॉफीचा फोटो टाकून लिहिते की, मोकाचे बी लपवून आणणाऱ्या मुन इक-जॉम यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. इंग्रजी उपशीर्षकांत हा विनोद बहुतेक निसटतो, म्हणून सांगते. मुन इक-जॉम हे चौदाव्या शतकातले गृहस्थ, आणि त्यांनी चीनमधून कापसाचे बी आणले, लेखणीच्या नळीत लपवून आणले अशी आख्यायिका आहे, हे कोरियातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कापसाला कोरियन शब्द ‘मोक्ह्वा’. बाईंनी मोका आणि मोक्ह्वा एक केले आणि देशभर हसे झाले. आणि हे वाचणारा शेजारी असा, की ज्याने त्या देशाचा चारशे वर्षांचा इतिहास स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

भाषेच्या बाबतीत मराठी प्रेक्षक तसा भाग्यवान आहे. कोरियन वाक्यात क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते, आणि समोरच्याचा मान क्रियापदाच्या रूपातून कळतो. आपण ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून जे साधतो ते तेथे याहूनही बारकाईने साधले जाते. मिन-जूनचे गुपित जाणणारे एकमेव गृहस्थ, वकील जांग, केस पिकलेले आहेत, पण तरुण दिसणाऱ्या मिन-जूनशी ते अदबीने बोलतात, कारण खरे वय त्यांना माहीत आहे. आणि सोंग-ईसमोर त्यांना मिन-जूनचे वडील असल्याचे सोंग आणावे लागते, तेव्हा इतक्या वर्षांनी त्याला एकेरीत हाक मारण्याची संधी त्यांना मिळते. किम छांग-वान या ज्येष्ठ गायक-अभिनेत्याने ही भूमिका केली आहे. त्यांच्या चेहऱ्यावरचा चोरटा आनंद पाहण्यासारखा आहे. इंग्रजीत या साऱ्याचा एकच ‘यू’ होऊन जातो. मालिकेच्या मूळ नावातही ‘गुदे’ असा शब्द आहे. तो रोजच्या बोलण्यातला नाही, कवितेत आणि गाण्यात प्रिय व्यक्तीला उद्देशून येतो.

रचनेतली एक युक्ती मला फार आवडली. प्रत्येक भाग संपल्यासारखा वाटतो आणि मग एक छोटी पुरवणी येते. आधी पाहिलेला प्रसंग तिथे दुसऱ्या बाजूने दाखवला जातो, किंवा एखादे पात्र कॅमेऱ्यासमोर बसून मनातले सांगते. जो माणूस तासभर दगडासारखा वागला, तो दार लावल्यावर काय करत होता, हे आपल्याला कळते आणि नायिकेला कळत नाही. आठवडाभर प्रेक्षकाला बांधून ठेवण्यासाठी अपघात किंवा पिस्तूल दाखवून भाग तोडण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे.

दोषही सांगायला हवेत. श्रीमंत घराण्यातला खुनी मोठा भाऊ आणि त्याने रचलेले कट यांनी मधले पाच-सहा भाग जड केले आहेत, आणि त्याला शिक्षा होईपर्यंत माझी उत्सुकता संपली होती. सोंग-ईला संकटात टाकायचे आणि मिन-जूनने क्षणात प्रकट व्हायचे, हे इतक्या वेळा घडते की पुढे पुढे तिने एकदा तरी स्वतः सुटावे असे वाटू लागते. जाहिरातीही कथेत उघडपणे घुसवलेल्या आहेत.

मालिकेचा परिणाम मात्र कथेइतकाच अद्भुत झाला. ‘बर्फ पडतो त्या दिवशी तळलेले चिकन आणि बिअरच हवी’ अशा अर्थाचे एक वाक्य नायिका सहज बोलून जाते. चिकन आणि ‘मेकजू’ म्हणजे बिअर, या दोन शब्दांचा ‘चिमेक’ हा जोडशब्द कोरियात आधीपासून रूढ होता, पण चीनमध्ये या वाक्याने खुळ पसरले. मार्च 2016 मध्ये एका चिनी कंपनीचे सुमारे 4500 कर्मचारी इंचॉनच्या वोल्मिदो बेटावर सहलीला आले आणि त्यांनी एकत्र बसून चिमेकची मेजवानी केली. मार्च 2014 मध्ये चीनचे वरिष्ठ नेते वांग छिशान यांनी चिनी संसदेतल्या बीजिंगच्या प्रतिनिधींसमोर या मालिकेचा विषय काढून, कोरियन मालिका आपल्या पुढे का, असा प्रश्न केला. त्याच महिन्यात कोरियाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे यांनी एका सरकारी बैठकीत तक्रार केली की, छॉन सोंग-ईचा कोट विकत घेऊ पाहणाऱ्या चिनी प्रेक्षकांना कोरियन संकेतस्थळांवर खरेदीसाठी लागणाऱ्या किचकट डिजिटल प्रमाणपत्रांमुळे तो घेता येत नाही. नियम सैल करण्याच्या चर्चेत ‘छॉन सोंग-ईचा कोट’ हा शब्दप्रयोगच रूढ झाला. नटीच्या कोटाने सरकारी नियमांना हात घातल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

त्या बर्फाविषयी थोडे अधिक. कोरियात पहिल्या बर्फाला फार मान आहे. जोसॉनच्या त्याच इतिवृत्तात 1418 सालची एक नोंद आहे. निवृत्त राजा थेजोंग याने आपल्या थोरल्या भावाकडे पहिला बर्फ गुंडाळून, औषध आहे असे सांगून पाठवला, कारण जुन्या रिवाजाप्रमाणे असा बर्फ ज्याने नकळत स्वीकारला त्याने मेजवानी द्यायची असे. दुसरी समजूत फुलाची आहे. उन्हाळ्यात मुली ‘बोंगसॉन्ह्वा’ नावाच्या फुलांनी नखे रंगवतात, आणि पहिला बर्फ पडेपर्यंत रंग टिकला तर पहिले प्रेम सफल होते, असे मानतात. हे फूल म्हणजे आपला तेरडा. गौरीच्या दिवसांत आपण आणतो तोच. आपल्याकडे म्हण आहे ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’, आणि तिकडे त्याच तेरड्याकडून हिवाळ्यापर्यंतची अपेक्षा.

शेवट सांगणे आता अपरिहार्य आहे. ज्यांना तो ऐकायचा नसेल त्यांनी आवाज मिनिटभर कमी करावा. मिन-जून जातो. तीन वर्षांनी एका चित्रपट महोत्सवाच्या लाल गालिच्यावर, छायाचित्रकारांच्या गर्दीत, सोंग-ईच्या खांद्यावर कोट घालायला तो प्रकट होतो आणि पुन्हा नाहीसा होतो. हळूहळू त्याला जास्त वेळ राहणे जमू लागते, पण तो केव्हा नाहीसा होईल याचा नेम राहत नाही. लेखिकेने शेवटी अट काढून टाकली नाही, फक्त तिची मुदत अनिश्चित केली. मालिका गोड शेवटाची असूनही खोटी वाटत नाही, याचे श्रेय मी याच निर्णयाला देते.

पाहणार असाल तर एक विनंती. आता एकवीस भाग सलग पाहता येतात, पण ही मालिका त्यासाठी लिहिलेली नाही. मूळ प्रेक्षकांप्रमाणे आठवड्याला दोनच भाग पाहा, आणि शेवटची नामावली सुरू झाली म्हणून लगेच उठू नका. पुरवणी राहून जाईल.

नमस्कार.