संयुगांची यादी नको, आयनांची ओळख हवी

विद्यार्थी मित्रहो आणि शिक्षक बंधुभगिनींनो,

नववी-दहावीच्या मुलांना रसायनशास्त्रात सर्वांत जाच कशाचा वाटतो असे विचारले, तर उत्तर बहुधा संयुगांच्या नावांचे येते. हा जाच आपल्या शिकवण्याच्या क्रमातून निर्माण झालेला आहे, असे माझे ठाम मत आहे. आपण मुलांच्या हाती संयुगांची यादी देतो. द्यायला हवी ती आयनांची, म्हणजे धन किंवा ऋण विद्युत प्रभार असलेल्या अणूंची वा अणुगटांची. वीस-पंचवीस आयन त्यांच्या प्रभारांसह पक्के झाले, की शंभरावर संयुगांची नावे मुलाला स्वतः रचता येतात, कारण आधी धन आयन आणि मग ऋण आयन एवढाच आयनिक संयुगाच्या नावाचा सांगाडा आहे.

या पद्धतीचा पाया १७८७ साली पॅरिसमध्ये गितों द मोर्व्हो, लव्हाझिए, बर्थोले आणि फुरक्रॉय या चौघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी घातला. त्यापूर्वी पदार्थांना रंगावरून, गावावरून, नाहीतर शोधणाऱ्यावरून नावे पडत. आपल्याकडची मोरचूद, हिराकस, नवसागर ही नावे बाजारात आजही चोख काम देतात; पण मोरचुदात तांबे आहे, हिराकशीत लोह आहे आणि दोन्हींत सल्फेट एकच आहे, हे त्या नावांतून कळायला मार्ग नाही.

आता संख्येचा प्रश्न घेऊ, कारण मुले अडतात ती इथेच. पेडण्यातील आगरवाड्याच्या मिठागरात मीठ धरून झाल्यावर जे कडू पाणी उरते, त्यात मॅग्नेशिअम क्लोराइड भरपूर असते. पावसाळ्यात जाडे मीठ ओलसर होते तेही मुख्यतः त्याच्याच अंशामुळे. मॅग्नेशिअमवर दोन धन प्रभार आणि क्लोराइडवर एक ऋण प्रभार असल्याने एका मॅग्नेशिअमला दोन क्लोराइड लागतात. तरीही आपण डायक्लोराइड म्हणत नाही, कारण प्रभार ठाऊक असणाऱ्याला दुसरा पर्यायच उरत नाही. कार्बन आणि ऑक्सिजन यांची मोनॉक्साइड व डायऑक्साइड अशी दोन संयुगे होतात, ती सहसंयुज आहेत, म्हणजे आयनांची नव्हे तर इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या अणूंची बनलेली आहेत, म्हणून तिथे संख्या सांगणे भाग पडते.

ज्या धातूचे प्रभार एकाहून अधिक असतात, तिथे मात्र नावानेच खुलासा करावा लागतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या गोव्याच्या खाणींत आहे. हेमॅटाइट या लोहखनिजात लोहाच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचे तीन अणू असतात. प्रत्येक ऑक्साइडवर दोन ऋण प्रभार, म्हणजे एकूण सहा. ते दोन लोह आयनांनी फेडायचे, म्हणजे प्रत्येकावर तीन धन प्रभार. म्हणून नाव झाले आयर्न (तीन) ऑक्साइड. कंसातला हा आकडा रोमन लिहितात, आणि ही सोय जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ साली सुचवली. तो आकडा प्रभाराचा आहे, अणूंच्या संख्येचा नव्हे, हे फळ्यावर पुन्हा पुन्हा दाखवावे. मॅग्नेटाइट या दुसऱ्या लोहखनिजात तीन लोह आणि चार ऑक्सिजन असतात. तिथे आठ प्रभारांची वाटणी दोन, तीन आणि तीन अशी होते. ही वाटणी मुलांना स्वतः करू द्यावी. फेरस-फेरिक, क्युप्रस-क्युप्रिक ही जुनी जोडनावे प्रभार कमी की जास्त एवढेच सांगतात; फेरस म्हणजे दोन, पण क्युप्रस म्हणजे एक, हे वेगळे लक्षात ठेवावे लागते.

आम्लारींची (बेसची) नावे फार सोपी आहेत: धन आयनापुढे हायड्रॉक्साइड लावावे. कुळागरात सुपारीवर पावसाआधी जे बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारतात, त्यातला भिजवलेला चुना म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, आणि त्यातले मोरचूद म्हणजे कॉपर (दोन) सल्फेट. अमोनिया आम्लारी असूनही त्याच्या नावात हायड्रॉक्साइड नाही, एवढा अपवाद ध्यानात ठेवावा.

आम्लांची नावे ऋण आयनावरून येतात. आयनाच्या नावाचा शेवट आइड असेल तर आम्लाचे नाव हायड्रो-इक, एट असेल तर इक, आइट असेल तर अस; म्हणून क्लोराइडचे हायड्रोक्लोरिक आम्ल, नायट्रेटचे नायट्रिक, नायट्राइटचे नायट्रस. हायड्रोजन क्लोराइड वायूला मात्र तो पाण्यात विरघळल्यावरच हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणावे. इथे एका अक्षराचाही हलगर्जीपणा चालत नाही. सोडिअम सल्फेटवर विरल आम्ल ओतले तर विशेष काही घडत नाही, सल्फाइटमधून गुदमरवणारा सल्फर डायऑक्साइड निघतो, आणि सल्फाइडमधून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू बाहेर पडतो. प्रयोगशाळेतील बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या विद्यार्थ्यांकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात, असा माझा आग्रह असतो तो यासाठी.

हे नियम अनोळखी संयुगावरही लावून पाहावेत. विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरमधला जंतुनाशक घटक कॅल्शिअम हायपोक्लोराइट आहे. त्याच्या ऋण आयनाचे नाव आइटने संपते, तेव्हा त्याचे आम्ल हायपोक्लोरस, हे पुस्तक न उघडता सांगता यायला हवे. आणि विहिरीच्या पाण्यात जंतू मारण्याचे बरेचसे काम तेच आम्ल करते.