काड्या, मणी आणि शनिवारचा बाजार

(दृश्य : गोल करून बसलेली मुलं, मधे काड्यांचा ढीग)

वस्तीवरची ही शाळा गणित वस्तू हाताळून शिकते. पहिली ते चौथी. खोल्या दोन, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंतच्या शाळेला दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळा अशाच चालतात. बाई दुसरीच्या मुलांकडे वळल्या की पहिलीची पोरं आपली आपण असतात. त्या वेळात त्यांच्या हातात काय आहे, हे महत्त्वाचं.

इथं काड्या आहेत. खराट्याच्या, वीतभर कापलेल्या, टोकं दगडावर घासून बोथट केलेल्या. दोघांत मिळून १००. दहा मोजायच्या आणि बांधायच्या, झाला दशक. बांधायला रबर घेतलं तर उन्हाळ्यात ते चिकट होऊन तुटतं. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापल्या की वर्षानुवर्षं टिकतात.

गठ्ठे मुलांनीच बांधायचे. आयते दिले की मूल त्यातल्या काड्या पुन्हा एकेक मोजत बसतं, कारण आत दहाच आहेत यावर त्याचा विश्वास नसतो. कुणाचा गठ्ठा नऊचा निघतो, कुणाचा अकराचा, शेजारच्यानं तपासायचा.

(दृश्य : मुलगी गठ्ठा सोडते आहे)

४२ मधून १७. सुट्या काड्या दोनच, द्यायच्या सात. एक गठ्ठा सुटला, आता सुट्या बारा. पाटीवरचा ‘हातचा’ म्हणतात तो हाच. एकोणपन्नास ऐकून मूल पन्नासाकडे धावतं, त्रेचाळीस ऐकून ३४ लिहितं. चार गठ्ठे आणि तीन काड्या समोर असल्या की पाटीवर ४३ च उमटतात.

(दृश्य : भिंतीलगत ताणलेली माळ)

ही मणीमाळ. शंभर मणी, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. ३७ दाखवायचे तर कपड्यांचा चिमटा सदतिसाव्या मण्याच्या पुढच्या फटीत लावायचा. मण्यावरच लावला की ‘३७ मधे ५ मिळव’ म्हटल्यावर मूल चिमट्याखालचा मणी धरून मोजतं आणि उत्तर ४१ येतं. माळ मुलांच्या छातीच्या उंचीवर हवी. कितीतरी शाळांत ती फळ्याच्या वर टांगलेली असते, पाहुण्यांना दिसावी म्हणून. साहित्य कपाटात किंवा उंचावर असेल तर ते नसल्यासारखंच.

(दृश्य : व्हरांडा, उड्या मारणारी मुलं)

फरशीवर १ ते १०० ची घरं, एका ओळीत दहा, एकेक चौकोन फूटभराचा. खालच्या ओळीत उडी म्हणजे दहा पुढे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट) शाळांनी फरशीचा असा वापर केला आणि राज्यभरातले शिक्षक ते बघायला गेले. रंगवण्याआधी फरशी धुऊन पूर्ण वाळवावी लागते. ओल राहिली तर रंगाचे पापुद्रे सुटतात.

(दृश्य : शनिवार, अंगणात भाजीच्या टोपल्या)

२०२४ मध्ये राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला, म्हणजे शनिवारी पाठांऐवजी उपक्रम घ्यायचे. इथं एखाद्या शनिवारी बाजार भरतो. मेथी, कोथिंबीर, लिंबं, घरचे शेंगदाणे. विकणारे तिसरी-चौथीचे, घेणारे गावकरी आणि लहान मुलं. मालाचा दर खडूनं पाटीवर लिहिलेला. पाव किलोचं माप नसेल तर २५० ग्रॅमच्या चहापुड्याला तोलून घेतलेला दगड चालतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर हिशेब: माल, दर, एकूण, दिले, परत. ५० ची नोट आली, माल ३५ चा, तर वजाबाकी न करता ३५ पासून पुढे मोजत सुटे हातावर ठेवायचे, चाळीस, पन्नास. पोरं हे झटकन शिकतात.

बाजार बिघडतो तो मागं उभ्या राहिलेल्या आईवडिलांमुळे. मूल बोटं मोजत असतानाच मागून उत्तर येतं. म्हणून टोपल्यांच्या मागं दोरी बांधलेली असते, मोठ्यांनी पलीकडे थांबायचं.



सोमवारी त्याच चिठ्ठ्या गणिताच्या तासाला येतात. ज्यांचा गल्ला आणि चिठ्ठ्यांची बेरीज जुळत नाही, ते दोघं-दोघं बसून चूक शोधतात. बहुतेकदा ती सुट्या पैशांत सापडते.