शेवटचा हात

(पुण्यातल्या एका गृहसंस्थेच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. मघाशी माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं, की मी दीड लाखाच्या आत स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली कशी केली याचा हिशेब मांडणार आहे. हिशेबाची वही आणली आहे. पण आधी एक गोष्ट सांगते. ती ऐकल्याशिवाय वहीतले आकडे तुमच्या उपयोगाचे नाहीत.

माझं म्हणणं असं आहे, की पैसे मोजके असतील तर तोडफोड, गवंडीकाम, नळ, वीज ही कामं कारागिरांना द्यावीत आणि शेवटचा हात आपण फिरवावा. बहुतेक घरांत मी उलटं पाहते. सुरुवातीच्या उत्साहात घरातली माणसं छिन्नी-हातोडा घेऊन जुन्या टाइल्स फोडतात. तीन महिन्यांनी पैसे संपलेले असतात, अंगातलं त्राण गेलेलं असतं, आणि सांधे भरणं, कडा बंद करणं, दारं सरळ करणं या सगळ्याला ‘बघू नंतर’ म्हणतात. ते ‘नंतर’ किती वर्षं चालतं, हे इथे बसलेल्या कित्येकांना माहीत असेल. स्विचबोर्डाभोवती सिमेंटची चीर नसलेलं घर ज्यांचं आहे त्यांनी हात वर करा. बघा, किती थोडे आहेत!

आमची इमारत १९९१ सालची. स्वयंपाकघर आठ बाय दहा, त्याला लागून जेवणाची खोली, मध्ये भिंत. ओटा कडप्प्याचा, तीस इंच उंचीचा. माझ्या सासूबाईंनी पंचवीस वर्षं त्या ओट्यावर वाकून पोळ्या लाटल्या आणि पाठीला पट्टा बांधून झोपल्या. ओट्याची उंची ही माझ्यासाठी सौंदर्याची बाब नाही. लाटताना हात कोपरात वाकवला, की कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा यायला हवा, इतकं साधं माप आहे. माझ्यासाठी ते चौतीस इंच निघालं. फ्रँकफर्टमध्ये १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी गावातल्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून, बाईची पावलं मोजून. जवळपास दहा हजार घरांत ते बसलं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी बाईची पावलं मोजली, आणि आपल्याकडे बिल्डर अजून गॅसपासून सिंक चार पावलं लांब ठेवतो, याचा मला मनापासून राग येतो. असो. हा वेगळा विषय आहे.

तर काम सुरू झालं. संस्थेची लेखी परवानगी घेतली, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून भिंत दाखवली. बीम-कॉलमला हात लावायचा नाही, हे त्यांनी पहिल्या मिनिटाला सांगितलं. मधली भिंत नुसती विटांची निघाली. ती सगळी न पाडता चार फुटांची खिडकी उघडली, म्हणजे भाजीचं पातेलं आतून सरळ टेबलावर येतं. गवंडीकाका सत्तरीचे. ओळंबा सोडला आणि म्हणाले, “ताई, भिंत ओळंब्यात नाही.” वरपासून खालपर्यंत पाऊण इंचाचा फरक होता. पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी ओट्याची लेव्हल काढली. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. नळीतलं पाणी दोन्हीकडे एका रेषेत येऊन थांबलं, तो क्षण मी विसरणार नाही. साठ वर्षांच्या आयुष्यात मला पहिल्यांदा कळलं, की समपातळी डोळ्यांनी दिसत नाही, ती मोजावी लागते.

भिंत वाकडी आणि ग्रॅनाइट सरळ. म्हणजे दोघांच्या मध्ये फट राहणारच. डाव्या कोपऱ्यात शून्य, उजवीकडे, सिंकच्या मागे, जवळपास पाच मिलिमीटर. गवंडीकाकांनी बजावलं होतं, “ही फट सिमेंटनं भरू नका, तडकेल. सिलिकॉन लावून घ्या.” ते त्यांचं काम नव्हतं. ते काम होतं सगळ्याचा ठेका घेतलेल्या गृहस्थांचं. त्यांच्या कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, ‘फिनिशिंगसह’. नाव घेत नाही, नावाशी माझं भांडण नाही. मी त्यांना शेवटचा हप्ता काम संपायच्या आधी दिला, कारण त्यांच्या घरी लग्न होतं. त्यानंतर ते ‘उद्या येतो’ म्हणाले. सात महिने.

त्या सात महिन्यांत आम्ही त्या स्वयंपाकघरात जेवण केलं, दिवाळीचा फराळ केला, पाहुणे आले. सगळे म्हणाले, किती छान झालंय. फट कुणाला दिसत नव्हती, तिच्यापुढे मी मसाल्याचा डबा ठेवला होता. मग पाऊस सुरू झाला आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या, हातात फोन. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला ताटाएवढा ओला डाग. आधी सगळ्यांनी पावसावर ढकललं. मग ड्रेनेजच्या पाइपवर. प्लंबर म्हणाला, सिंक काढावं लागेल, खालची फरशी फोडावी लागेल, पंधरा-अठरा हजार धरा.

मला ते पटेना. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी मुलांना शिकवत आले. पहिल्या दिवशी सिंकला बूच लावून काठोकाठ पाणी भरलं आणि रात्रभर ठेवलं. पाणी तसंच. म्हणजे सिंक फुटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पाणी एकदम सोडलं आणि खाली पाइपाच्या प्रत्येक जोडावर कोरडा कागद धरून बसले. कागद कोरडा. तिसऱ्या दिवशी ओट्याखालचं कपाट रिकामं केलं, मागच्या भिंतीला लागून वर्तमानपत्राचे कागद अंथरले, वाटीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवली आणि चमच्यानं, अगदी सावकाश, फक्त त्या फटीच्या कडेनं सोडली. वीस मिनिटं काही नाही. चहा करून घेतला. परत आले तर उजव्या कोपऱ्यात, वर्तमानपत्रावर, रुपयाएवढा निळा ठिपका. बघता बघता तो वाटीएवढा झाला.

मी त्या कागदासमोर जमिनीवर बसले होते. रोज चार वेळा भांडी घासताना मागे उडणारं पाणी, त्या फटीतून भिंतीला धरून खाली, तिथून फरशीच्या न भरलेल्या सांध्यात, तिथून वहिनींच्या छतात. फरशीचे सांधेही भरायचे राहिले होते. अडीचशे रुपयांची सिलिकॉनची एक ट्यूब, एक संध्याकाळ, एवढंच राहिलं आणि आमच्याकडून एका शेजारणीचं छत खराब झालं. त्यांच्या छताचा रंग आम्ही करून दिला, ते योग्यच होतं. पण त्यांना दोन महिने त्या डागाखाली स्वयंपाक करावा लागला, याचं मला आजही वाईट वाटतं.

(संयोजक ताई घड्याळ दाखवतायत. हो, दिसलं. सिलिकॉनचं एवढं सांगून हिशेबाकडे येते.)

ती फट मी स्वतः भरली. आधी टोकदार सुरीनं आतली माती, तेलाचा थर खरवडला, स्पिरिटनं पुसलं, आणि दोन दिवस ओटा कोरडा ठेवला. दोन दिवस भांडी मोरीत घासली. ओल्या सांध्याला सिलिकॉन धरत नाही. दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागायचं. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते काचेसाठी ठीक असतं, पण वाळताना त्यातून आम्ल सुटतं. कडप्प्यासारख्या दगडावर ते डाग पाडतं. कडप्पा चुनखडीचा दगड, म्हणूनच लिंबाचा, कोकमाचा थेंब पडला की त्यावर पांढुरका ठसा उमटतो. फटीच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लावायचा, नळीचं टोक तिरकं कापायचं, गन एका वेगानं ओढत न्यायची, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकदाच, न थांबता फिरवायचं आणि सिलिकॉनवर साय धरायच्या आत टेप काढून घ्यायचा. पहिला हातभर सांधा माझा वाकडा आला. तो काढून पुन्हा केला. संपूर्ण दहा फुटांना दोन तास लागले. पुढचे चोवीस तास पाणी नाही. डाग वाढायचा थांबला.

त्या दिवसापासून शेवटची कामं मी दुसऱ्या कुणावर सोपवली नाहीत. आणि मला उमगलं, की त्यांत लागतो तो वेळ. ताकद फारशी नाही, अवजारंही थोडी. कारागिराला वेळ परवडत नाही, त्याची दुसऱ्या साइटवरची रोजची मजुरी बुडते. आपल्याकडे संध्याकाळ असते. शेवटची कामं रेंगाळतात ती याच कारणानं, आणि पैसे वाचवायची जागाही नेमकी तीच.

आता वही. घाईत सांगते, लिहून घ्या.

तोडफोड, राडारोडा उचलणं आणि गवंडी मिळून २२,०००. प्लंबर ११,०००. वीज १७,५००. यात हात आखडता घेऊ नका, आणि स्वतः करू नका. परवानाधारक माणूस हवा. ओव्हनसाठी १६ अँपिअरची वेगळी लाइन घ्या, वीज गळली की प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. ओटा ग्रॅनाइटचा, फिटिंगसह १४,०००. टाइल्स १२,५००. ट्रॉल्या आणि कपाटाची दारं ४६,०००. शेवटच्या कामांचं सामान २१,०००. एकूण १,४४,०००. पूर्ण मॉड्युलर करून देणाऱ्यांनी चार लाख दहा हजार सांगितले होते.

मोठी बचत कुठे झाली? ओट्याखालचे कडप्प्याचे कप्पे आम्ही तोडले नाहीत. वरचा दगड तेवढा काढला, कप्प्यांवर विटेचा थर चढवून उंची वाढवली, आत ट्रॉल्या बसवल्या आणि पुढे नवी दारं. कडप्पा पाण्यानं फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. प्लायचा सांगाडा त्याच्यापुढे महागही आणि कमजोरही. दारांसाठी प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं. प्रत्येक शीटवर आयएसआयचं चिन्ह आणि त्याखाली ७१० हा आकडा स्वतः वाचून घ्या. तो मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा. ३०३ असेल तर तो वेगळा दर्जा, त्याचा भाव वेगळा. बिजागऱ्या, चॅनल बोहरी आळीतून, वायर-स्विचेस तपकीर गल्लीतून. सिलिंडर कपाटात ठेवणार असाल तर दाराला तळाशी जाळी हवीच. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. ही जाळी कुठल्याही कोटेशनमध्ये मी पाहिली नाही.

शेवटच्या कामांचे २१,००० मी काम सुरू व्हायच्या आधी वेगळ्या पाकिटात काढून ठेवले होते. ते पाकीट हा माझा सगळ्यात चांगला निर्णय. त्यातून काय काय झालं? टाइल्सचे सांधे इपॉक्सी ग्राऊटनं भरले. हे थोडं थोडंच कालवा, तासाभरात दगड होतं, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. दारांच्या चारही कडांना पट्टी लावली, खालच्या कडेलासुद्धा. ती दिसत नाही म्हणून सुतार सोडतात आणि पोछ्याचं पाणी तिथूनच आत जातं. ऑटो हिंजचे, म्हणजे आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्यांचे, स्क्रू फिरवून दारं एका रेषेत आणली. एक स्क्रू दार डावी-उजवीकडे सरकवतो, दुसरा आत-बाहेर. स्विचबोर्डाच्या चिरा पुट्टीनं भरल्या.

जेवणाच्या खोलीचं राहिलं. टेबल सासूबाईंचंच, सागवानी. दोन खुर्च्या रविवारी जुन्या बाजारात मिळाल्या, त्यांचं वेतकाम विणून घेतलं. टेबल मी घासलं. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, १८०, २२०, आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच. आधी लाखेचं पॉलिश केलं, फार देखणं दिसलं, आणि तिसऱ्या दिवशी गरम वरणाच्या पातेल्यानं पांढरं कडं उमटलं. लाखेला उष्णता सोसत नाही. पुन्हा सगळं घासून पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, तीन हात दिले. तुमच्या जुन्या टेबलाला कोणतं पॉलिश आहे ते पाहायचं असेल, तर खालच्या बाजूला स्पिरिटचा बोळा घासा. चिकट झालं तर लाख.

दोन मिनिटं उरलीत म्हणतायत. ओट्यावरच्या दिव्यांबद्दल बोलायचं राहिलं. एवढंच सांगते, दिवा डोक्यामागे नको, वरच्या कपाटाच्या खाली, पुढच्या कडेला हवा, म्हणजे चिरताना स्वतःची सावली सुरीवर पडत नाही.

निळा ठिपका पडलेला तो वर्तमानपत्राचा कागद मी जपून ठेवला आहे, आज बरोबर आणलाय. इकडे टेबलावर ठेवते. शेजारी सिलिकॉनची गन आहे आणि दोन टाइल्स, पाच मिलिमीटरची फट सोडून लाकडावर चिकटवलेल्या. ज्यांना हात बसवायचा आहे त्यांनी चहाच्या आधी पुढे या, साबणाचं पाणी वाटीत काढून ठेवलंय.