हाऊ दगड शे का साखर?

घरात कुठे कुठला दगड लावावा, यावर आज बोलायचंय. पण सुरुवात करण्याआधी एक काम उरकून घेतो. टेबलावर चार तुकडे मांडलेत: पांढरा मार्बल, हिरवट कोटा, काळा कडप्पा आणि काळंच ग्रॅनाइट. चारही घोटलेले, चकचकीत. प्रत्येकावर लिंबाचे दोन-तीन थेंब टाकतो. झालं. आता तिकडे कुणी बघू नका, आपण बोलू.

त्याऐवजी खाली बघा. सतरंजी जरा बाजूला करा. तुम्ही बसलाय ती शहाबादी फरशी आहे. जाण्या-येण्याच्या वाटेवर मधोमध गुळगुळीत झालीय, भिंतीकडेला अजून खरबरीत आहे. ही कर्नाटकातल्या शहाबादकडची. मला लहानपणापासून याचं नवल वाटायचं. आपला अख्खा खान्देश दगडावर बसलाय. तापीकाठचा गाळाचा पट्टा सोडला तर चार हात खणलं की काळा पाषाण लागतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. अजिंठ्याची लेणी त्यातच कोरलीत, आपलं जातं आणि पाटा-वरवंटा त्याचाच. मग पायाखालची फरशी परमुलखातून का आणायची?

कारण आपला दगड पापुद्र्यांनी सुटत नाही. लाव्हा निवताना आकसतो, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात, खाणीतून ठोकळे निघतात. पाथरवट त्याला टाकी लावून जोतं, पायरी, विहिरीचं बांधकाम करतो. पण फरशी काढायची तर प्रत्येक तुकडा कापावा लागतो. शहाबादीचा दगड म्हणजे समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून झालेला चुनखडक. पहार लावली की वहीच्या पानासारखा सुटतो. म्हणून आपल्याकडे वर धाबं, खाली शेणानं सारवलेली जमीन, आणि चार पैसे गाठीला आले की शहाबादी. ती चैन नव्हती, सोय होती.

या 'चुनखडक' शब्दापाशी मी आज जास्त वेळ थांबणार आहे. दुकानात गेलात की शहाबादी, तांदूर, कोटा, कडप्पा, मार्बल अशी पाच नावं आणि पाच भाव ऐकाल. दिसायला पाचही वेगळे. पण हे एकाच भावकीतले. सगळ्यांच्या पोटात मुख्यतः चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मार्बल म्हणजे तोच चुनखडक, जमिनीच्या पोटात उष्णतेनं आणि दाबानं पुन्हा घडवलेला. आणि चुन्याचं आंबटाशी जन्माचं वैर. लिंबू, चिंच, दही, व्हिनेगर, काहीही पडलं की तो थोडा विरघळतो.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. वीस-एक वर्षांपूर्वी मी घर बांधलं. तोवर पंधरा वर्षं बांधकामात काढली होती, म्हणजे अज्ञानाची सबबही नाही. तरी हौसेनं स्वयंपाकघराच्या ओट्याला पांढरा मार्बल लावला. पहिल्याच उन्हाळ्यात आईनं लोणच्याच्या कैऱ्या त्या ओट्यावर फोडल्या. काम झाल्यावर तिनं ओटा स्वच्छ पुसला. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि ओट्यावर फोडीफोडीचा ठसा दिसायला लागला, पैशाएवढ्या मंद गोल खुणा. पुसून जाईनात, कारण तो डाग नव्हताच. तिथला दगडच खाल्ला गेला होता. आई त्यावरून बोट फिरवत अहिराणीत म्हणाली, "भाऊ, हाऊ दगड शे का साखर?" हा दगड आहे की साखर? मला उत्तर सुचलं नाही.

मागून कुणीतरी सीलरचं विचारतंय. सीलर म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारं द्रव्य. ते लावा, तेल आणि हळद आत मुरायला वेळ लागतो. पण आंबटानं चकाकी जायची ती जातेच. सीलर विकणारा ही दुसरी गोष्ट सहसा सांगत नाही.

दुसरा शत्रू धूळ. शेतात सापडणाऱ्या दोन गारगोट्या एकमेकींवर घासून अंधारात ठिणग्या पाडल्यात ना लहानपणी? दगडांचा कठीणपणा मोजायची एक पट्टी आहे, १ ते १० अशी. मार्बलमधलं कॅल्साइट, म्हणजे तोच चुना, तिच्यावर ३, गारगोटी ७. चपलेबरोबर घरात येणाऱ्या रेतीत गारगोटीचे कण असतातच, आणि चैत्र-वैशाखात तर वावटळ दाराशी उभीच असते. तुम्ही केरसुणी फिरवता तेव्हा त्या मार्बलवर सॅंडपेपर फिरवत असता. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी स्वतःच असते, सोबतीला ६ कठीणपणाचं फेल्स्पार नावाचं खनिज, म्हणून त्याला हे ओरखडे जाणवत नाहीत. म्हणून माझं मत असं: ओट्याला ग्रॅनाइट, वावरायच्या खोल्यांत कोटा, आणि मार्बल हवाच असेल तर देवघरात. तिथेही पंचामृताला ताम्हन ठेवा, दह्याचा थेंब खाली नको.

कोट्याबद्दल लोक नाक मुरडतात, शाळा-दवाखान्याचा दगड म्हणतात. मला तो आवडतो. झिजला तर पुन्हा घोटून घेता येतो. घोटाईवेळी घरभर रबडी होते, तेवढे दोन-तीन दिवस सोसायचे. न्हाणीघरात मात्र घोटलेला दगड कुठलाच नको, खडबडीत कोटाच बरा. साबणाच्या पाण्यात म्हातारं माणूस पडलं तर ते फार महागात जातं.

न्हाणीघराचं निघालंच तर एक साखळी सांगतो. आपल्या बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड. ते वाळलं की फरशीवर पांढरे डाग. डाग जाईनात म्हणून घरोघरी ॲसिडची बाटली येते. ॲसिडनं पांढरेपणा जातो, कारण तोही चुना आणि खालची फरशीही चुना! ॲसिडला दोन्ही सारखेच. फरशी खरबरीत होते, त्यात क्षार आणखी जोमानं धरतो, मग आणखी ॲसिड. एका घरी तर मिस्त्रीनंच नव्या कोट्यावर सांडलेलं सिमेंट काढायला ॲसिड ओतलं होतं. गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी. रोज पुसून फरशी कोरडी ठेवणं हाच उपाय आहे, आणि तो कंटाळवाणा आहे.

आता उन्हाळा. भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि दुकानदार सांगतो, 'हा दगड थंड असतो.' सावलीतला दगड खोलीइतकाच गरम असतो हो. फक्त तळव्यातली उष्णता तो लाकडापेक्षा भराभर ओढून घेतो, म्हणून गार वाटतो. तळमजल्यावर खाली जमीन असते, तिचा थोडा खरा गारवा मिळतो. वरच्या मजल्यावर उष्णता छतातून येते, तिथे फरशीवर पैसे घालण्यापेक्षा गच्चीवर टाइलच्या पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक घाला. आणि अंगणात काळं ग्रॅनाइट घालू नका. एका गिऱ्हाइकानं हट्टानं घातलं. मे महिन्यात त्याची नात चप्पल शोधायला दारापासून पायरीपर्यंत बेडकासारखी उड्या मारत गेली.

भिंतीचं थोडक्यात. १८ मिलिमीटर जाडीचं ग्रॅनाइट चौरस फुटाला साडेचार किलो भरतं. चार बाय दोनचा तुकडा छत्तीस किलो. तो डोक्याच्या वर नुसत्या सिमेंटच्या भरवशावर चिकटवू नका, मागून पिना किंवा क्लॅम्प हवेतच. पश्चिमेची भिंत दिवसभर तापते, रात्री निवते, रोज थोडी ताणते आणि आकसते. दगडांमध्ये सांधे मोकळे सोडले नाहीत तर काही वर्षांत ठोकल्यावर पोकळ आवाज यायला लागतो. आणि भिंतीला मुळात लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा पांढरा खार, लागत असेल तर दगड लावून तो झाकला जात नाही, सांध्यातून बाहेर येतो. आधी ओल कुठून येते ते शोधा.

खरेदीला जाताना खिशात नेलपॉलिश रिमूव्हर आणि पांढरं फडकं ठेवा. काळ्या ग्रॅनाइटवर घासा. फडकं काळं झालं तर तो रंग दिलेला माल आहे. मार्बलच्या पाठीला जाळी चिकटवलेली असेल तर का, ते विचारा. बहुतेक वेळा लादी नाजूक असते, आणि त्या जाळीवर सिमेंट नीट धरत नाही. माल एकाच लॉटचा घ्या आणि कटिंगची घट धरून शेकडा दहा जास्त. उरलेले दोन तुकडे माळ्यावर जपून ठेवा, पुढे तोच रंग मिळत नाही.

चला, आता टेबलाकडे. थेंब पुसतो. कोण येतंय पुढे? या ताई. ट्यूबलाइटखाली तिरपा धरून बघा. मार्बल: गोल दिसतोय? कोटा: आहे. कडप्पा: काळ्यावर राखाडी चट्टा, सगळ्यात ठसठशीत. आणि हे ग्रॅनाइट, यावर बोट फिरवून सांगा थेंब कुठे होता. नाही सापडत ना? मलाही नाही सापडत. आता हे तुकडे मागच्या रांगेपर्यंत फिरवा, फक्त मार्बलचा तेवढा परत द्या. तो आमच्या जुन्या ओट्याचा आहे.