चांगल्या कामांचीही विरळणी करावी लागते

सगळ्यांना जय ख्रिस्त. मला विषय दिलाय की या धावपळीत देवाकडे लक्ष कसं ठेवायचं, आणि असा विषय निघाला की आपण पहिल्यांदा मोबाईलला धरतो. मोबाईलबद्दल मी एवढंच सांगेन की रात्री तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि उशाशी बायबल ठेवा, त्याच्यापुढे त्यावर बोलण्यासारखं फार काही नाही. मला बोलायचंय चांगल्या कामांबद्दल. इथे बसलेली बहुतेक मंडळी दारू-जुगाराच्या मागे लागून देवापासून लांब जाणारी नाहीत हो, आपल्याला लांब नेतात ती चांगलीच कामं, आणि चांगली असतात म्हणून लवकर कळतही नाही.

मार्कचं शुभवर्तमान काढा, पहिला अध्याय. कफर्णहूम गाव आहे, संध्याकाळ झालीये, सगळं गाव दाराशी लोटलंय, कोणी आजारी आईला आणलंय, कोणी भूत लागलेल्या पोराला, आणि प्रभू येशू कितीतरी जणांना बरं करतोय. मग ३५वं वचन बघा, दुसऱ्या दिवशी पहाटे अजून अंधार असतानाच तो उठतो, एकांतात जातो आणि प्रार्थना करतो. शिमोन पेत्र आणि बाकीचे त्याला शोधत येतात, म्हणतात सगळे तुम्हाला शोधताहेत. आता विचार करा, शोधणारे कोण असतील, आदल्या रात्री ज्यांचा नंबर लागला नाही तेच असतील ना, म्हणजे गरजवंतच. तुम्ही-मी असतो तर तसेच उठून धावत गेलो असतो आणि वर म्हणालो असतो की देवाचंच काम आहे. येशू काय म्हणतो? चला, आजूबाजूच्या गावांत जाऊ, तिथेही मला उपदेश करायचाय, त्यासाठीच मी निघालोय. मला हे वचन वाचताना दरवेळी धस्स होतं, कारण तो जे सोडून जातोय ते काम वाईट नव्हतं.

निफाड-पिंपळगावकडची द्राक्षबागावाली मंडळी आहेत ना इथे, त्यांना मी वेगळं काय सांगू. ऑक्टोबर छाटणी झाली, घड निघाले, की पुढे विरळणी येते. मांडवाखाली बायका बारीक कात्र्या घेऊन उभ्या असतात, हात वर करून करून खांदे भरून येतात, आणि खाली जमिनीवर हिरव्या मण्यांचा सडा पडलेला असतो. ते मणी किडलेले नसतात, चांगले निरोगी असतात, जास्तीचे घडसुद्धा तसेच काढून टाकतात. नवीन माणसाला बघवत नाही ते, पण शेतकऱ्याला माहीत असतं की वेलीला पेलवेल तेवढंच ठेवायचं, सगळं ठेवलं तर मणी फुगत नाही, गोडी भरत नाही, आणि शेवटी व्यापारी गाडी न भरताच निघून जातो. योहानाच्या १५व्या अध्यायात प्रभू म्हणतो मी खरा द्राक्षवेल आहे आणि माझा पिता माळी आहे, आणि ज्या फाट्याला फळ येतं त्यालासुद्धा पिता साफ करतो, अजून फळ यावं म्हणून. फळ देणाऱ्या फाट्याला! नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला हे वचन समजावून सांगायला लागू नये.

आता आपल्या घरात बघा. एखादी ताई असते, सकाळी डबे करते, कामावर जाते, घरी आल्यावर सासूबाईंची औषधं, रविवारी संडे स्कूल तिच्याकडे, क्वायर तिच्याकडे, महिला संघाचा हिशोब तिच्याकडे, कोणाकडे लग्न असो की मयत असो पहिला फोन तिलाच जातो, आणि प्रार्थनेच्या चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर रोज आमेन लिहायचं ते वेगळंच. तिला विचारा की ताई तू स्वतः देवाशी शेवटचं निवांत कधी बोललीस, तर ती गप्प होते आणि डोळ्यात पाणी येतं, मी पाहिलंय ते. तिच्यात पाप शोधू नका, तिच्या वेलीवर आपण सगळ्यांनी मिळून घड लादलेत.

शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण त्या शरणपूरची एक गोष्ट आपल्या पोरांना माहीत नसते म्हणून मुद्दाम सांगतो. सी.एम.एस., म्हणजे इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीनं तिथे वसाहत केली होती आणि गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायची, सुतारकाम, लोहारकाम, वाचणं-लिहिणं. त्यातला एक जेकब वेनराइट. पुढे तो डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनरी आणि प्रवासी-संशोधकाच्या मदतीला आफ्रिकेत गेला. १ मे १८७३ला पहाटे, आज जिथे झांबिया देश आहे तिथे, लिव्हिंगस्टन खाटेशेजारी गुडघ्यांवर, प्रार्थनेला बसल्यासारखा, वारलेला सापडला. सोबत्यांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, जेकबनं अंत्यविधीची उपासना वाचली, मग देह मीठ लावून उन्हात वाळवला आणि तो खांद्यावर घेऊन ही माणसं समुद्राकडे निघाली, हजार मैलांच्या वर चाल, आजारपणं, वाटेत मरणं. मध्येच कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला, तो म्हणाला इथेच पुरा ना. सल्ला शहाणपणाचाच होता, मोठ्या साहेबाचा होता, मान्य केला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी नाही म्हटलं आणि चालत राहिले. फेब्रुवारी १८७४मध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचले, आणि १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीबरोबर आपल्या शरणपूरला शिकलेला जेकब होता.

पण थांबा, आता कोणी घरी जाऊन असं म्हणू नका की मला देवाकडे लक्ष द्यायचंय तर कोणी दार वाजवू नका. मार्कचाच पाचवा अध्याय वाचा. याईराची १२ वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजतेय, येशू त्याच्याबरोबर घाईनं निघालाय, आणि गर्दीत एक बाई, १२ वर्षं रक्तस्रावानं पिडलेली, मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. तो थांबतो. विचारतो मला कोण शिवलं. शिष्य वैतागतात, बाप शेजारी जीव मुठीत धरून उभा आहे, आणि येशू त्या बाईचं सगळं ऐकून घेतो. तेवढ्यात निरोप येतो की मुलगी गेली. आणि तरी तो याईराला म्हणतो भिऊ नको, विश्वास धर, आणि पुढे जाऊन तिला उठवतो. कफर्णहूमात अख्ख्या गावाला नाही म्हणणारा इथे एका बाईसाठी थांबला. कुठे निघायचं आणि कुठे थांबायचं हे त्याला कळत होतं, आणि माझी खात्री आहे की ते त्या पहाटेच्या अंधारातून येत होतं, आधी बापाशी बोलणं झालेलं असायचं. आपण आधी माणसांना भेटतो आणि देवासाठी उरलेला वेळ ठेवतो, म्हणून आपल्याला सगळंच अर्जंट वाटतं.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणारी मुलं विचारतील आमची पहाट कुठली, आठवड्याला शिफ्ट बदलते. बरोबर आहे. तुम्ही बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचा, हा नहेम्या राजाच्या चाकरीत होता, राजा त्याला विचारतो तुला काय पाहिजे, आणि उत्तर देण्याआधी तिथेच उभ्या-उभ्या तो स्वर्गातल्या देवाची प्रार्थना करतो, किती वेळ मिळाला असेल त्याला, एक श्वास. पण पहिल्या अध्यायात तोच माणूस दिवसेंदिवस उपास करून रडलाय, म्हणून एका श्वासात भागलं. तेव्हा तुमची सकाळ दुपारी दोनला होत असेल तर दोनला बसा, पण कंपनीच्या बसमध्ये चढायच्या आधी बसा.

आणि पाळकसाहेब समोरच आहेत म्हणून त्यांच्यासमोर सांगतो. या महिन्यात प्रत्येकानं आपल्या कामांची यादी प्रार्थनेत ठेवा आणि एक चांगलं काम सोडा. कोणी ताई येऊन म्हणाली की यंदा मला हिशोबातून मोकळं करा, तर तिला अडवू नका, तिचा विश्वास थंड पडला असं कमिटीत बोलू नका. तिच्या जागी माणूस लागेल, तर महिला संघाचा हिशोब मी वर्षभर लिहून देतो, वह्या पुढच्या रविवारी माझ्याकडे पाठवा.