मोहरापासूनच गिऱ्हाईक जोडा

श्रोतेहो, नमस्कार. कोकणातले अनेक बागायतदार आता वाशीच्या मार्केटवर सगळी भिस्त न ठेवता पुण्या-मुंबईच्या घरांत थेट हापूसची पेटी पोचवतात. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर त्यांना गिऱ्हाईक मिळतं. पण बरेच जण पहिली पोस्ट टाकतात ती एप्रिलमध्ये, पेट्या भरून झाल्यावर. तेव्हा सगळेच आंबा दाखवत असतात. अनोळखी खात्यावर आगाऊ पैसे पाठवायला माणूस कचरतो, आणि ते बरोबरच आहे. म्हणून डिसेंबर-जानेवारीत, मोहर दिसला की सुरुवात करा.

आधी इन्स्टाग्रामचं खातं नीट करा. साधं खातं सेटिंगमध्ये जाऊन बिझनेसचं करता येतं, पैसे पडत नाहीत. नावाच्या रकान्यात नुसतं आडनाव लिहू नका. ‘देवगड हापूस’ किंवा ‘रत्नागिरी हापूस’ असं तुमच्या बागेला लागू असेल ते लिहा, कारण लोक शोधताना तेच शब्द टाकतात. खालच्या परिचयाला, म्हणजे बायोला, फक्त १५० अक्षरं मिळतात. त्यात गाव, माल कुठल्या शहरांत पोचतो आणि मागणी कशी नोंदवायची, एवढंच द्या. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुम्ही त्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल, तर प्रमाणपत्राचा फोटो खात्यावर सगळ्यात वर पिन करून ठेवा.

आता रील. फोन उभा धरा, वीस-तीस सेकंद पुरेत. पहिल्या दोन-तीन सेकंदांत काम दिसलं पाहिजे. ड्रोनमधून बाग आणि वर गाणं, असली रील लोक बघतात आणि पुढे सरकतात. त्यापेक्षा झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट आंबा कसा काढतात ते दाखवा. देठ तुटून चीक सालीवर ओघळला की काळे डाग कसे पडतात, पेंढ्याच्या आढीत फळ कसं रचतात, साका झालेलं, म्हणजे आतून गर खराब झालेलं फळ बाहेरून का ओळखू येत नाही, हे सांगा. साक्याबद्दल बोललात तर गिऱ्हाईक जाईल अशी भीती वाटते. उलट, खराब फळ निघाल्यास बदलून देणार की पैसे परत करणार, हे त्याच रीलमध्ये स्पष्ट सांगितलंत तर माणूस थांबतो. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून मुख्य वाक्यं पडद्यावर मराठीत लिहा. आठवड्याला दोन रील जमल्या तरी चालतील, पण मध्येच महिनाभर गप्प बसू नका.

फॉलोअर विकत मात्र कधीही घेऊ नका. ती खाती तुमची रील बघत नाहीत, पुढे पाठवत नाहीत, आणि लोक किती वेळ बघतात, किती जणांना पाठवतात यावर मुख्यतः रील पुढे पसरते. आकडा फुगतो, पेटी एकही जात नाही. इनसाइट्समध्ये, म्हणजे खात्याच्या आकडेवारीत, शेअर, सेव्ह आणि शहरं बघा. पुण्यात माल पोचवत असाल आणि बघणारे भलत्याच राज्यातले असतील, तर रीलवर ‘पुण्यात घरपोच’ असं ठळक लिहा. जाहिरातीला पैसे लावायचेच, तर जिथे तुमचं ट्रान्सपोर्ट जातं त्याच शहरांपुरते लावा.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये चार, पाच आणि सहा डझनाची पेटी वेगवेगळी टाका. प्रत्येकीत फळाचं अंदाजे वजन, भाव आणि पोचवण्याचा खर्च लिहा. ‘भावासाठी मेसेज करा’ एवढंच लिहिलं, तर बरेच लोक विचारतच नाहीत. एकच निरोप अनेकांना वेगवेगळा धाडणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पेटीतल्या चिठ्ठीवर नंबर छापा आणि तो सेव्ह करायची विनंती करा. न विचारता शेकडो लोकांना निरोप धाडलेत, तर तक्रारी होऊन नंबर बंद पडू शकतो. हंगाम संपला की जूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल लावा: कुठलं शहर, किती डझन, फळ कच्चं हवं होतं की तयार. पुढच्या मोहराची पहिली रील याच लोकांना आधी पाठवायची आहे.